परीक्षाकक्षाचे स्थलांतर : घरून दिलेल्या देखरेखयुक्त परीक्षेतील तांत्रिक अडचणी आणि पुराव्याचा भार

प्रस्तावना

भारतातील विद्यापीठीय परीक्षांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने अभ्यासक्रम, माध्यम आणि निकाल यांकडे गेलेले दिसते. परीक्षा कोठे घेतली जाते, त्या जागेची व्यवस्था कोण पाहतो आणि त्या व्यवस्थेत बिघाड झाल्यास तो सिद्ध कोणी करावयाचा, हे प्रश्न प्रशासकीय तपशील म्हणून बाजूला राहिले आहेत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविड-१९ च्या साथीमुळे परीक्षाकक्ष विद्यार्थ्याच्या घरात गेला आणि हाच तपशील एकाएकी महत्त्वाचा ठरला. वीज गेली, रेंज गेली, कॅमेरा सुरू झाला नाही, पडदा गोठला, वेळ संपण्यापूर्वीच उत्तरे आपोआप जमा झाली, अशा तक्रारी त्या काळात बहुतेक महाविद्यालयांनी ऐकल्या. नव्या तंत्राचे किरकोळ दोष म्हणून त्यांची बोळवण करण्याकडे कल आढळतो. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. घरून दिलेल्या परीक्षेत परीक्षाकेंद्राचा भार संस्थेकडून परीक्षार्थीकडे गेला आणि त्याबरोबर, फारशी चर्चा न होता, पुराव्याचा भारही त्याच्याच माथी आला, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

लेखकाच्या एम.फिल.च्या लघुप्रबंधाचा विषय एकोणिसाव्या शतकातील परीक्षाव्यवस्था हा होता. त्यामुळे विवेचनाचा पूर्वार्ध त्या काळाविषयी आहे. उत्तरार्ध महाविद्यालयाच्या परीक्षा समितीत काम करताना आलेल्या अनुभवावर आधारलेला आहे. या अनुभवातील एका प्रसंगास लेखक स्वतःही जबाबदार आहे, हे येथेच नमूद करणे उचित ठरेल.

परीक्षेची जागा आणि तिचा खर्च

लेखी स्पर्धापरीक्षेची सर्वांत दीर्घ परंपरा चीनची. तेथील शाही परीक्षापद्धती १९०५ मध्ये रद्द होईपर्यंत सुमारे तेराशे वर्षे टिकली. नानजिंग येथील परीक्षास्थळी चिंग राजवटीच्या काळात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. उमेदवाराने आपले अंथरूण आणि शिधा बरोबर आणावा, पण कोठडी, पहारा आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून उत्तरपत्रिकेची नक्कल करणारे लेखनिक शासनाचे, अशी ही विभागणी होती. उमेदवाराची झडती कठोर असे. मात्र ज्या चार भिंतींत त्याने लिहावयाचे त्यांची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली आणि पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये घेण्यात आली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते. पुण्याकडून मुंबईस येणाऱ्याचा मार्ग तेव्हा सुकर नव्हता. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला होता, परंतु बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तोपर्यंत प्रवाशास आगगाडीतून उतरून घाट अन्य साधनांनी ओलांडावा लागे. परीक्षेस पोहोचणे ही परीक्षार्थीची अडचण होती आणि ती मोठी होती. तो एकदा दालनात शिरला की मेज, उजेड, घड्याळ, शाई आणि शांतता यांची तजवीज मात्र विद्यापीठ करी.

जागेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न राजकीय होऊ शकतो हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेने दाखवून दिले. १८५५ पासून ही परीक्षा खुल्या स्पर्धेने होऊ लागली, पण ती लंडनमध्ये. समुद्रप्रवास, तेथील वास्तव्य आणि अपयश आल्यास परतीचा खर्च हे सारे भारतीय उमेदवाराच्या पदरी येई. सत्येंद्रनाथ टागोर यांनी १८६३ मध्ये यश मिळवले, तरी कायद्याने खुली असलेली ही परीक्षा व्यवहारात किती जणांना खुली होती हे सांगण्याची आवश्यकता नाही. १८७० च्या दशकात कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्यात आली आणि वाट आणखी अरुंद झाली. ही परीक्षा भारतातही एकाच वेळी घेतली जावी, अशी मागणी राष्ट्रीय सभेने १८८५ च्या मुंबई येथील पहिल्याच अधिवेशनात केली. १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेने तसा ठरावही संमत केला, पण अंमलबजावणी झाली नाही. भारतात ही परीक्षा प्रथम घेतली गेली ती १९२२ मध्ये, अलाहाबाद येथे. जागा बदलण्यास सदतीस वर्षे लागली. २०२० मध्ये ती काही आठवड्यांत बदलली, हा विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकास खटकल्याशिवाय राहत नाही.

१८६९ चा वाद

याच परीक्षेच्या इतिहासातील एक प्रकरण येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. १८६९ मध्ये चार भारतीय उमेदवार उत्तीर्ण झाले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांपैकी सुरेंद्रनाथ आणि ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून वगळण्यात आली. सुरेंद्रनाथांनी कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळी, १८६३ मध्ये, आपले वय सोळा असे लिहिले होते. त्या हिशेबाने ते १८६९ मध्ये २१ वर्षांची मर्यादा ओलांडत होते. वस्तुतः त्यांना सोळावे वर्ष चालू होते. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष सांगण्याची रीत होती, तर आयुक्त पूर्ण झालेली वर्षे मोजत होते.

नोंद खोटी नव्हती, उमेदवारही खोटा नव्हता. नोंद एका पद्धतीने घडली होती आणि वाचली गेली दुसऱ्या पद्धतीने. तरीही आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी उमेदवारावर पडली. सुरेंद्रनाथांना लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात जावे लागले, तेव्हा आयुक्तांनी माघार घेतली. ठाकूर यांनाही पुन्हा समाविष्ट करण्यात आले. सुरेंद्रनाथांपाशी न्यायालयापर्यंत जाण्याची साधने, मित्र आणि इंग्रजी भाषा होती. ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही, अशा परीक्षार्थीचे काय होते, याचे उत्तर १८६९ च्या कागदपत्रांत सापडत नाही. ते शोधण्यासाठी आपल्या काळाकडे यावे लागते.

पर्यवेक्षकाचा अहवाल

परीक्षाकेंद्रावरील व्यवस्था आपल्या सर्वांच्या इतक्या परिचयाची आहे की तिचे मोल लक्षात येत नाही. केंद्रप्रमुख, वरिष्ठ व कनिष्ठ पर्यवेक्षक, बैठे पथक, भरारी पथक, पाणी देणारा सेवक, घंटा. ही माणसे कॉपी रोखण्यासाठी असतात हे खरेच, परंतु त्यांचे दुसरे कार्य साक्षीदाराचे आहे. दालनातील दिवे गेले, प्रश्नपत्रिका उशिरा आली, परीक्षार्थीस भोवळ आली, तर पर्यवेक्षक तसे लिहितो, केंद्रप्रमुख सही करतो आणि तेवढा वेळ वाढवून मिळतो. झाली अडचण खरी होती का, असा प्रश्न परीक्षार्थीस कोणी विचारत नाही, कारण ती सर्वांनी पाहिलेली असते. महाराष्ट्राचा परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा १९८२ चा अधिनियमही परीक्षाकेंद्र गृहीत धरूनच लिहिलेला आहे. घरातील परीक्षेत दिवे गेले तर ते पाहणारा कोणी नसतो. घरची माणसे साक्षीदार होऊ शकत नाहीत, कारण त्यांनी खोलीत असणे हाच मुळी गैरप्रकार ठरतो.

दूरस्थ देखरेखीचा उदय

इंटरनेटद्वारे देखरेखीची सुरुवात साथीच्या बरीच आधी, २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाली. दूरशिक्षण घेणाऱ्यांना केंद्रावर बोलावणे अवघड होते, हे त्यामागील कारण. २००८ मध्ये प्रॉक्टरयू ही कंपनी स्थापन झाली. प्रारंभी दुसऱ्या टोकाला माणूस बसलेला असे. पुढे खर्च वाचवण्यासाठी चेहरा, नजर, आवाज आणि पडद्यावरील हालचाल तपासणारे संगणकीय कार्यक्रम आले. मार्च २०२० मध्ये जीआरई व टोफेल या परीक्षाही घरून देण्याची सोय झाली. ‘प्रॉक्टर’ हा शब्द लॅटिनमधील ‘प्रोक्युरेटर’ या शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्याचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा मुखत्यार असा आहे. तो कोणाच्या वतीने पाहतो, हा प्रश्न मूळ अर्थातच दडलेला आहे.

२०२० : निर्णय आणि व्यवहार

महाराष्ट्र शासनाने जून २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचा निर्णय केला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे त्या ३० सप्टेंबरपर्यंत घेण्यास सांगितले. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, राज्यांना मुदतवाढ मागता येईल, परंतु परीक्षेविना पदवी देता येणार नाही. शैक्षणिक दर्जाच्या दृष्टीने हा निकाल समजण्यासारखा आहे. परीक्षा घ्यावयाची हे त्याने ठरवले. ती कोणाच्या विजेवर आणि कोणाच्या मोबाइलवर घ्यावयाची, हे ठरवणे विद्यापीठांकडे राहिले.

त्यानंतर महिन्याच्या आतच याच खंडपीठापुढे (न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी व न्या. एम. आर. शाह) घरून देण्याच्या परीक्षेचा प्रश्न थेट आला. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामायिक प्रवेशपरीक्षेतून बाहेर पडून १२ सप्टेंबर २०२० रोजी स्वतःची देखरेखयुक्त परीक्षा घरून घेतली. अनेकांना तांत्रिक अडचणी आल्या आणि अशांसाठी १४ सप्टेंबरला फेरपरीक्षा घ्यावी लागली. २१ सप्टेंबर रोजी न्यायालयाने ही प्रवेशप्रक्रिया रद्द केली आणि घरून घेतलेल्या अशा परीक्षेत पारदर्शकता व सचोटी राखली जाणे शक्य नसल्याचे मत नोंदवले. सामायिक परीक्षा २८ सप्टेंबरला केंद्रांवर पार पडली. एकीकडे प्रवेशासाठी घरची परीक्षा विश्वासार्ह नाही असे ठरले आणि लगेचच्या ऑक्टोबरात राज्यातील लाखो विद्यार्थ्यांनी पदवीची परीक्षा घरूनच दिली. दोन्ही प्रकरणांतील कायद्याचे प्रश्न भिन्न होते हे मान्य करूनही हा योगायोग बोलका आहे.

घर म्हणजे नेमके काय, याची कल्पना शासकीय आकडेवारीवरून येऊ शकत होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सुविधा होती. शहरी भागात हे प्रमाण अनुक्रमे २३.४ व ४२ टक्के होते. शहरांनीही फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकलगाड्या थांबल्या आणि त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मुंबई अंधारात गेली तेव्हा वेळापत्रक बदलले, कारण तो बिघाड सर्वांना दिसला. एखाद्या वाडीचा फीडर बंद पडल्याने वेळापत्रक बदलल्याचे लेखकाच्या पाहण्यात नाही. तेथे तो एका परीक्षार्थीचा दावा असतो.

नोंदवहीतील नोंदी

लेखकाचे महाविद्यालय घाटमाथ्यावरील तालुक्याच्या गावी आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरून परीक्षा दिली तेव्हा मदतीसाठी महाविद्यालयात एक दूरध्वनी कक्ष उघडण्यात आला. येणारा प्रत्येक फोन एका लांबट नोंदवहीत लिहावयाचा, असे ठरले होते. लेखक तेव्हा तासिका तत्त्वावर काम करीत होता आणि हे काम अर्थातच त्याच्याकडे आले.

या नोंदी वाचताना अडचणींचे स्वरूप हळूहळू स्पष्ट होते. बहुतेक विद्यार्थ्यांचा मोबाइल कुटुंबात सामायिक होता आणि ओटीपी ज्या क्रमांकावर यावयाचा तो क्रमांक कामावर गेलेल्या वडिलांच्या खिशात होता. व्हिडिओ पाहण्यास पुरणारी रेंज परीक्षेस पुरत नसे, कारण कॅमेऱ्याची छायाचित्रे वर पाठवण्याचा वेग कमी पडे. पत्र्याच्या घरात दुपारी मोबाइल तापून बंद पडे. कौलांतून येणारा उजेड पाठीमागे असला की चेहरा ओळखला जात नसे, आणि उजेडाकडे तोंड करून बसावे तर तेथे रेंज नसे. मोबाइल बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत सर्व्हरवरील घड्याळ चालूच राही. दालनात घड्याळ भिंतीवर असते, ते आणि परीक्षार्थी एकाच वेळी अंधारात जातात. हा फरक परीक्षा समितीच्या एकाही बैठकीत कोणी मांडल्याचे स्मरत नाही, लेखकानेही मांडला नव्हता.

एक नोंद लेखकाच्या हस्ताक्षरातील आहे. तृतीय वर्ष कलाशाखेच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्नपत्रिका उघडत नसल्याचा फोन परीक्षेच्या आरंभी आला. तिला अॅप बंद करून पुन्हा प्रवेश करण्यास सांगण्यात आले. तिची पुढे काय स्थिती आहे हे पाहावे म्हणून लेखकाने दहा मिनिटांनी तिला फोन केला. प्रश्नपत्रिका तोवर उघडली होती आणि ती उत्तरे देत होती. आलेल्या फोनमुळे परीक्षेचे अॅप मागे गेले, प्रणालीने ‘खिडकी सोडली’ अशी नोंद केली. घाबरून तिने फोन कापला, पण लेखकाने काळजीपोटी पुन्हा केला. तिसऱ्या फोनास तिची उत्तरपत्रिका आपोआप जमा झाली. केवळ सात प्रश्न सोडवून झाले होते.

तक्रारीसाठी विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज होता. त्यात अडचणीचा स्क्रीनशॉट जोडणे अनिवार्य होते. परीक्षेच्या अॅपमध्ये, कॉपी होऊ नये म्हणून, स्क्रीनशॉट घेण्याची सोय बंद केलेली होती. दुसरा मोबाइल जवळ ठेवण्यास मनाई होती. अर्थात नियम पाळणाऱ्या परीक्षार्थीस पुरावा देताच येऊ नये आणि ज्याने नियम मोडून दुसरा मोबाइल ठेवला असेल त्यालाच तो देता यावा, अशी ती रचना होती. ही योजना कोणी दुष्टाव्याने केली असे लेखकास वाटत नाही. अर्ज एका विभागाने केला, अॅप बाहेरच्या कंपनीने केले, एवढेच. महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी लेखकाने पत्र लिहिले, त्यात आपण केलेल्या तीन फोनांची वेळ दिली. प्रणालीतील नोंदीनुसार परीक्षार्थीने तीन वेळा खिडकी सोडली आहे, असे उत्तर आले. ते खरेच होते. तिने वेळ सोळा सांगितली होती आणि ती सतरा अशी वाचली गेली, असे सुरेंद्रनाथांच्या भाषेत म्हणता येईल. फेरपरीक्षा अखेर मिळाली, पण तिचा निकाल लागला तेव्हा एम.ए.च्या प्रवेशाची मुदत उलटून गेली होती.

कॅमेऱ्याची साक्ष

हा अनुभव आपल्याकडील अपुऱ्या सुविधांपुरता मर्यादित आहे, असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याची वकिलीची परीक्षा घरून घेण्यात आली. तेथे जवळपास एकतृतीयांश परीक्षार्थींच्या चित्रफिती संशयास्पद म्हणून चिन्हांकित झाल्या. पुढील छाननीत त्यांतील बहुसंख्य निर्दोष ठरले. मे २०२१ मध्ये प्रॉक्टरयूने केवळ संगणकीय देखरेखीची सेवा विकणे थांबवत असल्याचे जाहीर केले. चिन्हांकित सत्रांपैकी सुमारे ११ टक्केच शिक्षक प्रत्यक्ष तपासतात, हे त्या कंपनीनेच दिलेले कारण होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायो येथील संघराज्य न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीची कॅमेऱ्याने केलेली पाहणी घटनाबाह्य ठरवली.

चेहरा ओळखण्याच्या तंत्राविषयीही सावध राहण्यास आधार आहे. जॉय बुओलाम्विनी व टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या व्यापारी प्रणालींची चूक गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत, तर उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत ०.८ टक्क्यांपर्यंत आढळली होती. परीक्षेतील प्रणालींचे काम वेगळे असले, तरी शेतात राबून काळवंडलेल्या चेहऱ्याच्या आमच्या विद्यार्थ्यांवर त्या तपासून पाहिल्या गेल्या होत्या का, असे विचारण्याचा अधिकार आपणास आहे.

अॅम्स्टरडॅमच्या व्राय विद्यापीठातील प्रकरण आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तक्रार केली की, तिचा चेहरा ओळखला जावा म्हणून तिला तोंडावर दिव्याचा प्रकाश पाडून परीक्षा द्यावी लागली. नेदरलँड्सच्या मानवाधिकार संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये भेदभावाचा संशय ग्राह्य धरला आणि तसा भेदभाव झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार विद्यापीठावर टाकला. विद्यापीठाने प्रणालीतील नोंदी सादर केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या आधारे भेदभाव सिद्ध होत नाही असा निर्णय झाला, तक्रार हाताळण्याच्या रीतीवर मात्र ताशेरे ओढण्यात आले. विद्यार्थिनी हरली. तरीही उत्तर देण्याची पाळी तेथे संस्थेवर आली आणि उत्तर देता आले, कारण नोंदी जपल्या होत्या.

आपल्याकडे केंद्र शासनाने केलेला सार्वजनिक परीक्षांतील अनुचित साधनांस प्रतिबंध करणारा कायदा २१ जून २०२४ पासून अंमलात आला. त्यात परीक्षेची सेवा पुरवणाऱ्या संस्थेस एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लोकसेवा आयोग, रेल्वे भरती, बँक भरती आदी परीक्षा त्याच्या कक्षेत येतात, विद्यापीठांच्या परीक्षा येत नाहीत. शिवाय गैरप्रकार हा त्याचा विषय आहे, बिघाड नव्हे.

या लेखासाठी लेखकाने २०२१ च्या परीक्षेतील प्रणालीच्या नोंदी पाहण्यास मिळाव्यात म्हणून संबंधित कार्यालयाकडे अर्ज केला होता. सेवा पुरवणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपला असून नोंदी उपलब्ध नाहीत, असे कळवण्यात आले. त्यामुळे त्या उन्हाळ्याचे जे साधन आज हाती आहे ते महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील कपाटात ठेवलेली ती लांबट नोंदवही. तिची शेवटची काही पाने पावसात भिजून एकमेकांस चिकटली आहेत. विद्यार्थिनीच्या नावापुढे लेखकाने तेव्हा लिहिलेला शेरा वाचता येतो : ‘अडचण दूर झाली आहे का हे विचारण्यासाठी फोन केला.’